ॲटिकाचं बंड आणि जुलै महिन्यातला अर्ज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ॲटिका तुरुंगात बंड झालं त्यात नेमकं काय घडलं, त्यातून पुढे काय उरलं, आणि पुढच्या आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या तुकडीबरोबर गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग काय? उत्तर लांबणार आहे. तीस वर्षं मी गोव्यात फौजदारी वकिली करतो आहे आणि त्यातला मोठा काळ तुरुंगाच्या मुलाखतीच्या जाळीसमोर गेला आहे. त्यामुळे या विषयावर मला दोन वाक्यांत बोलता येत नाही.

ॲटिका म्हटलं की लोक सप्टेंबरपासून सुरुवात करतात. तू जुलैपासून सुरुवात कर. १९७१ च्या जुलैत ॲटिकातल्या काही कैद्यांनी न्यूयॉर्क राज्याचे तुरुंग आयुक्त रसेल ऑस्वाल्ड यांना पत्र पाठवलं. त्यात दोन डझनांहून अधिक मागण्या होत्या. भाषा सभ्य होती. आम्ही संप करत नाही, लोकशाही मार्गाने म्हणणं मांडतो आहोत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बरा दवाखाना हवा, कामाला रास्त मजुरी हवी, धर्म पाळू द्या, पत्रं अडवू नका, पॅरोल मंडळाने नीट कारणं द्यावीत, असं ते मागणं. ऑस्वाल्ड हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. सुधारणावादी म्हणूनच त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी पोच दिली आणि वेळ मागितला. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते ॲटिकाला जाऊन आले, पण कैद्यांसाठी जे काही बोलायचं होतं ते ध्वनिफितीवर मुद्रित करून ठेवून गेले. कोठड्यांतल्या हेडफोनवर तो निरोप वाजला: धीर धरा, वेळ लागेल. माणसं समोर उभं राहून बोलण्याची वाट पाहत होती आणि त्यांच्या कानात फीत वाजली.

तिथलं रोजचं जगणं कसं होतं, तेही बघ. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोपासून जवळ, खेडेगावातला हा तुरुंग १९३१ मध्ये सुरू झाला. भोवती तीस फूट उंचीची भिंत. आत सव्वादोन हजारांच्या आसपास कैदी, क्षमतेपेक्षा बरेच जास्त. त्यातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णी, काही पोर्तो रिकोचे, बहुतेक शहरांतून आलेले. आणि पहारेकरी जवळजवळ सगळे आसपासच्या गावांतले गोरे. दिवसाचे चौदा ते सोळा तास कोठडीत बंद. आठवड्याला एकदा आंघोळ. महिन्याला टॉयलेट पेपरची एक गुंडाळी. एका कैद्याच्या दिवसभराच्या जेवणावर सरकार ६३ सेंट खर्च करायचं. हे आकडे मी मुद्दाम सांगतो, कारण तुरुंगातला संताप मोठ्या तत्त्वावरून पेटला असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्या माणसाला विचार; तो तुला साबणाची वडी सांगेल, पातळ झालेली डाळ सांगेल, आईचं न पोचलेलं पत्र सांगेल. ज्याच्या हाती काहीच उरलेलं नसतं त्याला त्या वडीत आपली पत दिसते.

ऑगस्टच्या २१ तारखेला कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात जॉर्ज जॅक्सन हा कैदी पहारेकऱ्यांच्या गोळीने मेला. देशभरचे कृष्णवर्णी कैदी त्याला आपला आवाज मानत. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲटिकातले कैदी न्याहारीला आले ते दंडाला काळी फीत बांधून, कुणी बुटाची काळी नाडी बांधून. शेकडो माणसं बाकांवर बसली, कुणी घास घेतला नाही, कुणी शब्द काढला नाही. पहारेकऱ्यांनी पुढे सांगितलं की आरडाओरड्यापेक्षा त्या शांततेची भीती वाटली. तुरुंग ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच पटेल. बराकीत गोंगाट असेल तर सगळं सुरळीत चाललेलं असतं.

८ सप्टेंबरला पटांगणात एका क्षुल्लक झटापटीवरून गैरसमज झाला. संध्याकाळी दोघांना उचलून एकांत कोठडीत नेलं आणि आतल्यांची समजूत झाली की त्यांना तिथे मारतील. ९ तारखेला गुरुवारी सकाळी न्याहारीहून परतणाऱ्या एका तुकडीला बोगद्यासारख्या मार्गातलं दार अचानक बंद दिसलं. का बंद केलं ते कुणी सांगितलं नाही. कोंडलेल्या माणसांना वाटलं, आता आपली पाळी. मारामारी सुरू झाली. चारही इमारतींचे रस्ते जिथे एकत्र येत त्या चौकाला टाइम्स स्क्वेअर म्हणत. तिथलं लोखंडी फाटक गर्दीच्या रेट्याने उघडलं, कारण त्याच्या एका जोडाचं वेल्डिंग आधीपासूनच कच्चं होतं आणि वरच्या रंगाखाली ते झाकलं गेलं होतं. ते फाटक टिकलं असतं तर गडबड एका इमारतीत थांबली असती. चौकात किल्ल्या घेऊन उभा असलेला तरुण पहारेकरी विल्यम क्विन याला जबर मार बसला. दोन दिवसांनी तो गेला.

पुढच्या चार दिवसांत डी यार्ड नावाच्या पटांगणात सुमारे १,३०० कैदी आणि सुरुवातीला ४२ ओलीस होते. पहिल्या काही तासांत लुटालूट झाली, मारहाण झाली. मग कैद्यांनीच प्रत्येक इमारतीतून प्रतिनिधी निवडले, दवाखान्याचा तंबू उभारला, शौचासाठी चर खणले. ओलिसांभोवती मुस्लिम कैद्यांचं कडं उभं राहिलं, कुणी त्यांच्यावर हात टाकू नये म्हणून. ओलिसांना गाद्या दिल्या. बरेच कैदी जमिनीवर झोपले. रात्री कित्येकांनी वर्षानुवर्षांनंतर उघडं आकाश पाहिलं. पण त्याच चार दिवसांत कैद्यांनी आपल्यातल्याच तिघांना मारून टाकलं, हेही तुझ्या वहीत लिहून ठेव. बंदिवानांची बाजू घेणाऱ्याने ते तीन मृत्यू गाळले तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

एलियट बार्कली, सगळे त्याला एल. डी. म्हणत, अवघा २१ वर्षांचा. पॅरोलची अट मोडली म्हणून आत आलेला आणि थोड्याच दिवसांत सुटायचा होता. कॅमेऱ्यांसमोर उभं राहून त्याने निवेदन वाचलं: आम्ही माणसं आहोत, जनावरं नाही, आणि जनावरांसारखं बडवून हाकून घेणार नाही. सोमवारी मेलेल्यांत तो होता.

वाटाघाटींसाठी निरीक्षकांची समिती आत गेली. तीत पत्रकार टॉम विकर होते, वकील विल्यम कुन्स्टलर होते, राज्य विधिमंडळाचे सदस्य आर्थर ईव्ह होते. इथला एक प्रसंग मी प्रत्येक ज्युनिअरला सांगतो. बंड मिटल्यावर सूड उगवणार नाही, अशी कोर्टाची हमी कैद्यांना हवी होती. कायद्याचे प्राध्यापक हर्मन श्वार्त्झ रातोरात विमानाने व्हरमाँटला गेले. तिथे परिषदेला आलेल्या फेडरल न्यायाधीश जॉन कर्टिन यांच्याकडून त्यांनी सही केलेला मनाई हुकूम आणला. पटांगणात तो कागद हातोहात फिरला. कैद्यांतच कायदा शिकलेला एक जण होता. त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, यावर शिक्का नाही. सगळ्यांदेखत त्याने तो फाडला. सही खरी होती, न्यायाधीश खरे होते, धडपड खरी होती. पण ज्यांना आयुष्यभर कागदांनीच फसवलं त्यांनी कागदाची परीक्षा घेतली, आणि त्यात तो हुकूम नापास झाला. मी आत नेतो त्या प्रत्येक प्रतीवर प्रमाणित प्रतीचा शिक्का नीट उमटलाय का, हे गेटवर थांबून पुन्हा बघतो, ते या प्रसंगामुळे.

ऑस्वाल्ड यांनी २८ मागण्या मान्य केल्या. बोलणी अडली ती माफीवर, म्हणजे बंडात जे घडलं त्यासाठी कुणावर खटला भरू नये या मागणीवर. क्विन गेल्याची बातमी आली आणि तो प्रश्न जीवनमरणाचा झाला, कारण पहारेकऱ्याच्या खुनाला न्यूयॉर्कमध्ये तेव्हाही देहदंड होता आणि पटांगणातल्या कुणालाही त्यात गोवता आलं असतं. निरीक्षकांनी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांना विनवलं: माफी देऊ नका, पण एकदा इथे या. ते आले नाहीत. ते येते तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण विनवणी करणाऱ्यांत अनुभवी, जबाबदार माणसं होती आणि तिचं उत्तर नकार होतं.

१३ सप्टेंबर, सोमवार, सकाळी पावणेदहाचा सुमार. आधी पाऊस पडून चिखल झालेला. हेलिकॉप्टरने अश्रुधूर सोडला आणि त्या पांढऱ्या ढगात भिंतींवरून, छपरांवरून राज्य पोलिसांनी गोळीबार केला. मनाई असताना तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनीही गोळ्या झाडल्या. कैद्यांकडे बंदुका नव्हत्या. त्या गोळीबाराने ३९ जीव घेतले: २९ कैदी आणि १० ओलीस. आधीचे चार धरून एकूण ४३. नंतर कैद्यांना नागडं करून, फुटक्या काचांवरून, दोन्ही बाजूंनी दंडुके घेऊन उभ्या असलेल्या रांगांमधून पळवलं. अनेक जखमी तासन् तास उपचारांवाचून पडून राहिले. पोलिसांनी नावाच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या आणि कोणती बंदूक कुणाला दिली याची धड नोंद ठेवली नव्हती. वकील म्हणून माझी नजर इथे थांबते. पुढे कुणावर काही सिद्ध होऊ नये याची सोय पहिली गोळी सुटण्याआधीच झाली होती.

त्याच दिवशी सरकारी माणसांनी सांगितलं की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी ते तसंच छापलं. दुसऱ्या दिवशी रॉचेस्टरच्या शवविच्छेदनगृहात डॉ. जॉन एडलंड यांनी प्रेतं तपासली आणि जाहीर केलं: मृत्यू गोळ्यांनी झाले आहेत, गळा चिरून कुणी मेलेलं नाही. गोळ्या तर एकाच बाजूकडे होत्या. त्यांना धमक्या आल्या, कम्युनिस्ट म्हणून हिणवलं गेलं. सरकारने दुसरे तज्ज्ञ आणून पुन्हा तपासणी करवली. निष्कर्ष तोच निघाला. एडलंड काही बंडखोर नव्हते. जे दिसलं ते लिहिणारा सरकारी नोकर होता तो. संपूर्ण ॲटिका प्रकरणात मला कुणाचा फोटो माझ्या टेबलावर ठेवावासा वाटत असेल तर तो त्यांचा.

खटल्यांचं मी भरभर सांगतो. ६२ कैद्यांवर आरोपपत्रं आली; पोलिसांपैकी फक्त एकावर, आणि तेही पुढे काढून टाकलं गेलं. माल्कम बेल या सरकारी अभियोक्त्याने पोलिसांविरुद्धचा तपास दाबला जातोय असं सांगून राजीनामा दिला. १९७६ च्या शेवटी गव्हर्नर ह्यू केरी यांनी प्रकरणाची वही मिटवली. कैद्यांनी १९७४ मध्ये लावलेला नुकसानभरपाईचा दावा मात्र चालत राहिला. फ्रँक स्मिथ, ज्यांचा त्या सोमवारी अमानुष छळ झाला होता, आणि त्यांच्या वकील एलिझाबेथ फिंक यांनी तो सोडला नाही. २००० साली तडजोड झाली: कैद्यांना ८० लाख डॉलर, वकिलांच्या खर्चापोटी ४० लाख. एकोणतिसाव्या वर्षी का होईना, पैसे हातात आले. तोवर दावेदारांतले कितीतरी गेले होते.

मेलेल्या पहारेकऱ्यांच्या विधवांची गोष्ट याहून कमी सांगितली जाते. त्यांच्या दारात सरकारकडून छोट्या रकमेचे चेक आले. घरात पोरं लहान, किराणा भरायचा होता. बायांनी चेक वटवले. नंतर कळलं की चेक वटवला म्हणजे कामगार नुकसानभरपाई स्वीकारली आणि सरकारवर दावा लावायचा हक्क संपला. एकीला कुणीतरी वेळेवर सावध केलं. तिने चेक वटवला नाही आणि पुढे कोर्टात तीच जिंकली. बाकीच्या कुटुंबांना २००५ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा राज्याने १ कोटी २० लाख डॉलर मान्य केले. तुरुंगाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या गरिबांना सरकारने एकाच मापाने मोजलं.

आता वारसा. या बंडाची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट मॅके यांच्या आयोगाने १९७२ मध्ये दिलेल्या अहवालात ती सोमवारची सकाळ, मूळ रहिवाशांच्या कत्तली वगळता, यादवी युद्धानंतर अमेरिकनांनी अमेरिकनांचं एका दिवसात सांडलेलं सर्वांत जास्त रक्त म्हणून नोंदवली. न्यूयॉर्कच्या तुरुंगांत आंघोळी वाढल्या, तक्रार निवारणाची पद्धत आली, धर्मपालनाची मोकळीक आली. पण दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच रॉकफेलर यांनी अमली पदार्थांसाठी कमालीचे कडक कायदे आणले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या राज्य आणि संघीय तुरुंगांत मिळून सुमारे दोन लाख माणसं होती. २००९ च्या आसपास ती सोळा लाखांवर गेली. ॲटिकामुळे सुधारणा झाली असं कुणी म्हणालं तर ते खरं आहे. ॲटिकाचं भय दाखवून तुरुंग वाढवले गेले, तेही खरं आहे. माझं मत विचारशील तर दुसरी बाजू जड झाली.

आपल्याकडे या गोष्टीचा धागा दिल्लीतल्या तिहारला जाऊन मिळतो. तिथल्या सुनील बत्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःबद्दल नाही, शेजारच्या कैद्याचा वॉर्डरने पैशांसाठी भयंकर छळ केला, त्याबद्दल. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा डिसेंबर १९७९ चा तो निकाल तू पूर्ण वाच, सारांश नको. प्रत्येक तुरुंगात तक्रारपेटी ठेवा, जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत भेट द्यावी, नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी खासगीत बोलू द्यावं, हे आदेश त्यात आहेत. तू पुढच्या आठवड्यात ज्या फाटकातून आत जाशील ते या निकालासारख्या निकालांनी उघडलेलं आहे. ॲटिकातल्या पत्राला ध्वनिफीत मिळाली आणि तिहारच्या पत्राला खंडपीठ मिळालं. दोन्ही पत्रं कैद्यांचीच.

पण पेटी भिंतीवर लागली म्हणजे काम झालं असं नाही. एका तुरुंगात, नाव सांगत नाही, मला पेटी दिसली ती अधिकाऱ्याच्या खोलीच्या दाराला लागून. पत्र टाकणारा हात खुर्चीतून दिसेल अशी. कुलपावर गंज इतका की किल्ली फिरेना. शिपायाने खोबरेल तेलाचे थेंब सोडले, पंधरा मिनिटं खटपट केली. आत कोळ्याचं जाळं आणि एकच घडी केलेला कागद निघाला. पेन्सिलीने लिहिलं होतं की दाताला कळ आहे, रात्री झोप नाही, डॉक्टरला दाखवा. लिहिणारा त्याआधीच जामिनावर सुटून गेला होता. तो कागद मी परत घडी करून ठेवला तेव्हा मला फार लाज वाटली, कारण त्या तुरुंगात मी कितीतरी वेळा येऊन गेलो होतो आणि त्या पेटीकडे कधी पाहिलं नव्हतं.

बंड दूर अमेरिकेत होतं असं समजू नकोस. २०१७ च्या जानेवारीत वास्कोजवळच्या सडा उपकारागृहात कैद्यांनी तोडफोड करून पळायचा प्रयत्न केला. एका कैद्याचा जीव गेला, कर्मचारी जखमी झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात नाश्त्यातली दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्यावरून वाद झाला, त्यात एका बंदिवान महिलेला मारहाण झाली आणि तिचा मृत्यू झाला, असा आरोप झाला. दुसऱ्या दिवशी बायका छतावर चढल्या, कागद जाळले. दोनशेच्या आसपास जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. पाच पाव. आपल्याकडे सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजते तेव्हा आपण तेवढे सहज घेतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, क्षमतेच्या १३१ टक्के, आणि दर चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय.

कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी, २४ तासांत मानवी हक्क आयोगाला खबर, शवविच्छेदनाचं चित्रीकरण, हे सगळं आपल्या नियमांत आहे. एडलंड यांच्यासारखा माणूस नशिबाने भेटावा लागू नये, म्हणून ते आहे. अशी केस तुझ्याकडे आली तर सगळ्यात आधी ते चित्रीकरण माग.

आग्वादच्या किल्ल्यावर लहानपणी शाळेच्या सहलीत नेलं असेलच. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राममनोहर लोहियांना १९४६ मध्ये तिथल्या तुरुंगात डांबलं होतं, त्याच लढ्यातल्या ट्रिस्टाव ब्रागांझ कुन्यांना तिथून पुढे पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. आता ते संग्रहालय आहे, लोक फोटो काढतात. पण २०१५ पर्यंत तो चालता तुरुंग होता आणि मी अशिलांना तिथे भेटत असे. मुलाखतीच्या दिवशी एक म्हातारी पहिल्या बसने यायची, उन्हात उतार चालत खाली. मला दिसली की विचारायची, "म्हज्या पुताक जेवण मेळटा मरे, बाब?" म्हणजे माझ्या मुलाला जेवण मिळतं ना? जामिनाचं विचारायची ते नंतर. स्वातंत्र्यसैनिकांच्या कोठड्यांसमोर जी नम्रता आपल्याला आपसूक येते ती त्या म्हातारीच्या पोरासमोरही यावी, असं मला मनापासून वाटतं, मग त्याने मोटारसायकल चोरलेली का असेना.

तर कोलवाळला जाताना मोबाईल गेटवर ठेवावा लागेल, म्हणून वही आणि दोन पेनं घे. बोलणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, कोर्ट, पुढची तारीख आधी लिही. तक्रार मग त्याच्याच शब्दांत, सुधारून नको. अधिकाऱ्यांशी आदराने बोल, शिपायांशीही. त्यांच्या ड्यूट्या लांब असतात आणि ॲटिकात मेलेल्यांत तेही होते. जे होणार नाही त्याचं वचन देऊ नकोस. जे होईल म्हणालीस त्याची पोच लेखी पाठव, सहीशिक्क्यासह. आणि तक्रारपेटी कुठे टांगली आहे ते बघ, ती शेवटची कधी उघडली त्याचं रजिस्टर माग, तारीख उतरवून घे. परतल्यावर ती तारीख मला फोन करून सांग.